चार स्वरांची ओळखपरेड

गिटार विकत घेणाऱ्याचं पुढे काय होणार हे सांगणं अवघड आहे, पण पहिल्या आठवड्यात तो काय वाजवणार हे छातीठोकपणे सांगता येतं. डीप पर्पल या इंग्लिश बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा. गाणं १९७२ सालचं, म्हणजे आज ते शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या आईबाबांच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं. आईबाबांना ते आवडत होतं असंही नाही. तरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गाण्याचा पाया होऊन पुन्हापुन्हा येणाऱ्या अशा छोट्या तुकड्याला रॉकवाले रिफ म्हणतात आणि या रिफची ख्याती अशी की जगात हिच्याइतकी सोपी रिफ दुसरी नाही. क्लासवाले तसं सांगतात, यूट्यूबवरचे गुरुजी तसं सांगतात आणि ज्याला ती कालच आली तो तर फारच ठासून सांगतो. माझं म्हणणं इतकंच की ही ख्याती भलत्याच्याच खात्यावर जमा झाली आहे. ही रिफ वाजवायला अजिबात सोपी नाही, ओळखायला सोपी आहे. वाजवणाऱ्यानं काहीही केलं तरी ऐकणारा ती ओळखतो, आणि ऐकणाऱ्यानं ओळखली की वाजवणाऱ्याला वाटतं, आली! पन्नास वर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालू आहे.

आधी मूळ माल काय आहे ते पाहू. स्वर चारच. आपल्या पद्धतीनं सांगायचं तर षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. दोन्ही मध्यम शेजारीशेजारी आले म्हणून ललतच्या चाहत्यांनी कान टवकारू नयेत. तीव्र मध्यम इथे एकदाच निसटता येतो आणि लगेच शुद्धावर उतरतो. या चार स्वरांचे एकूण ठोके बारा: आधी तीन, मग चार, मग पाच. इथवर प्रकरण बालवाडीचं आहे. पण डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर यानं ही रिफ एका तारेवर वाजवलेली नाही. तिसरी आणि चौथी अशा दोन तारा तो एकदम छेडतो, त्यामुळे प्रत्येक स्वराखाली त्याचा एक जोडीदार वाजत राहतो. षड्जाखाली मंद्र पंचम, आणि वरचा जितका सरकेल तितकाच खालचाही सरकणार. तेही पिकनं नाही, बोटांनी. पिक तारांवरून ओढलं की एक तार आधी वाजते आणि दुसरी केसभर नंतर. दोन बोटांनी दोन तारा उचलल्या की त्या एकाच क्षणी बोलतात. त्या आवाजातला घट्टपणा तिथून येतो. मग जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन तेच स्वर घेऊन येतो, पण मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून असा फाटलेला आवाज काढत की तो ऑर्गन आहे हे अनेकांना वर्षानुवर्षं कळतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लय. पहिल्या तुकड्याचे तिन्ही ठोके मात्रेवर नेमके पडतात. दुसरा तुकडा मात्रेची वाट न पाहता अर्धी मात्रा आधीच उडी मारतो. तिसरा पुन्हा शहाण्यासारखा मात्रेवर सुरू होतो. ऐकताना मान जी आपोआप हलते ती या अर्ध्या मात्रेमुळे.

आता नवशिक्याकडे वळू. त्याच्यापुढे टॅब असतो, म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला बोट ठेवायचं याचे नुसते आकडे. शून्य, तीन, पाच, सहा. सगळ्यात वरची जाडजूड तार धरायची आणि आकडे वाचत जायचं. जोडस्वरांचा प्रश्न इथेच निकालात निघाला. उजव्या हातात पिक, तेही अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत आवळलेलं. डाव्या हाताचं एकच बोट कामावर, उरलेली तीन बघ्यांच्या भूमिकेत. बोट फ्रेटच्या धातूला अगदी खेटून पडायला हवं, ते मागे पडतं, म्हणून तार फरफरते. जोर कमी पडला तर नुसतंच ‘टक’ वाजतं, जास्त झाला तर स्वर चढतो. गिटारच्या दांडीवर तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटला ठिपके असतात. तीन आणि पाच त्यामुळे बिनचूक सापडतात. सहाव्याला ठिपका नाही. म्हणजे रिफमधली जी एकमेव अवघड जागा, तो निसटता तीव्र मध्यम, नेमकी तिथेच खूण नाही. बोट सवयीनं पुढच्या ठिपक्यावर जाऊन बसतं आणि तीव्र मध्यमाच्या जागी खणखणीत पंचम वाजतो. लयीबद्दल तर विचारूच नका. बाराही ठोके सारख्या अंतरानं, हजेरी घेतल्यासारखे येतात, आणि जिथे शांतता हवी तिथे तारेवरून घसरत निघालेल्या बोटाचा किर्र आवाज येतो. हिशेब मांडला तर तार चुकली, पट्टी चुकली, जोडीदार गळाले, छेडण्याची रीत चुकली, लय चुकली आणि एक स्वर सरळसरळ बेसूर झाला. एवढ्यात दारावरून जाणारा कोणीतरी थबकतो आणि म्हणतो, “अरे वा, डीप पर्पल!”

हे होतं कसं? चाल माणसाच्या डोक्यात स्वरांच्या नावांनी राहत नाही, त्यांच्यातल्या अंतरांनी आणि चढउतारांनी राहते. म्हणून काळी एकमध्ये ऐकलेला अभंग दुसऱ्या बुवांनी पांढरी चारमध्ये म्हटला तरी भजनी मंडळात कोणी गोंधळत नाही. या रिफचा चढउतार तर इतका ठळक आहे की तो हवेत हातानं काढून दाखवता येईल: दोन पायऱ्या वर, घरी परत येऊन पुन्हा दोन पायऱ्या वर, त्यात जरा जास्तच वर जाऊन मागे, आणि शेवटी वर जाऊन, पायरी पायरीनं घरी. एवढं कानावर पडलं की बाकीचं काम ऐकणाऱ्याची स्मृती करते. गळालेले जोडीदार ती परत बसवते, पंचमाला मध्यम करते, लय दुरुस्त करते, मागे ऑर्गन आणि ड्रमही लावून देते. वाजलेलं असतं चार आण्यांचं, ऐकू येतं रुपयाचं, आणि वरचे बारा आणे ऐकणाऱ्याच्या खिशातून गेलेले असतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण म्हणून शीत हातात धरून उभ्या राहिलेल्याला स्वयंपाक येतो असं कोणी म्हणत नाही. गिटारच्या बाबतीत म्हणतात.

ओळखणं आणि वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याला खुद्द या गाण्याचा जन्म साक्षी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये डीप पर्पलची मंडळी स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँट्रो इथे नवा अल्बम रेकॉर्ड करायला गेली. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्रांनी भरलेला एक ट्रक, त्यांनी भाड्यानं आणला होता. गावातल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताच्या दिशेनं फ्लेअर गन झाडली आणि आख्खा कॅसिनो जळून खाक झाला. सरोवरावर पसरलेला तो धूर बँडनं पाहिला आणि पुढे त्यांच्यातल्या रॉजर ग्लोव्हर या बेसवादकाला झोपेतून उठताना त्यावरून गाण्याचं नाव सुचलं. ही हकीकत रॉकच्या चाहत्यांना तोंडपाठ असते. त्यानंतरचा भाग माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं जास्त कामाचा आहे. जागा गेल्यामुळे बँड गावातल्या पॅव्हिलियन नावाच्या नाट्यगृहात शिरला आणि रात्री रेकॉर्डिंग सुरू केलं. रिफ वाजू लागली. आजूबाजूच्या लोकांनी पोलिसांना बोलावलं. बँडच्या माणसांनी आतून दारं धरून ठेवली, तेवढ्या वेळात हा एक तुकडा पुरा झाला आणि सगळ्यांना तिथून बिऱ्हाड हलवावं लागलं. उरलेला अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलात झाला. म्हणजे ही रिफ इतिहासात पहिल्यांदा वाजली तेव्हा ती जगातल्या सर्वांत योग्य माणसांनी, योग्य तारांवर, योग्य लयीत वाजवली होती आणि तरी शेजाऱ्यांना ती गोंगाट वाटली. कारण सरळ आहे: त्या रात्री ती कोणाच्याच ओळखीची नव्हती. आज सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा संध्याकाळी तीच रिफ सहा चुका करून वाजवतो तेव्हा सेक्रेटरी फार तर खिडकी लावून घेतात. माँट्रोच्या रहिवाशांपेक्षा आमचे सेक्रेटरी रसिक आहेत असा याचा अर्थ नाही. मधल्या काळात गाणं ओळखीचं झालं, एवढंच. खुद्द माँट्रोनंही पुढे माघार घेतली. पोलीस बोलावणाऱ्या त्याच गावात सरोवराच्या काठी, फ्रेडी मर्क्युरीच्या पुतळ्याजवळ, या गाण्याचं स्मारक आहे आणि त्यावर रिफची स्वरलिपी काढलेली आहे.

बनवणाऱ्यांनाही ती ओळखता आली नव्हती. मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ हा अल्बम आला तेव्हा बँडला त्यातलं ‘नेव्हर बिफोर’ हे गाणं चालेल असं वाटत होतं आणि त्यांनी तेच सुटं काढलं. ते आज किती जणांना आठवतं हा प्रश्न मी विचारणार नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत सुटं निघालं ते वर्षभरानं, १९७३ मध्ये, आणि बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

यावर रॉकप्रेमी मंडळी एक हुकमी आक्षेप घेतात. रॉक म्हणजे काय शास्त्रीय संगीत आहे का? इथे चूक हीच शैली! ओबडधोबड वाजलं तरच ते रॉक! आणि त्यांच्याकडे पुरावेही आहेत. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ची रिफ कीथ रिचर्ड्सला १९६५ मध्ये अर्धवट झोपेत सुचली. तिथे पुढे ब्रास वाजवायचा असा त्याचा बेत होता, आणि गिटारला फझ बॉक्स लावून काढलेला तो करकरीत आवाज नुसती जागा धरून ठेवण्यासाठी होता. तोच छापला गेला आणि अमर झाला. (त्याच वर्षी ओटिस रेडिंगनं खरोखरच ब्रास लावून ते गाणं म्हटलं. जिज्ञासूंनी तुलना करावी.) दुसरा पुरावा ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून खाली उतरवल्या, आणि त्यातून जो जड, दमदार आवाज निघाला त्यावर हेवी मेटल उभं राहिलं. हे सगळं मान्य. पण हे पुरावे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे नाहीत. रिचर्ड्सचा आवाज कामचलाऊ होता, ठोक्यांच्या जागा नव्हत्या. आयोमीनं तर बोटं शाबूत असलेल्यांपेक्षा दुप्पट खटपट केली. बाटली वितळवून टोपी घडवणारा माणूस आणि सहाव्या फ्रेटला ठिपका नाही म्हणून सातवा दाबणारा माणूस यांना एकाच शैलीचे म्हणणं हा आयोमीवर अन्याय आहे. रॉकचा बेदरकारपणा दिसतो तेवढा बेदरकार नसतो. अर्ध्या मात्रेची उडी अर्ध्या मात्रेवरच पडावी लागते. ती पाव मात्रेवर पडली तर त्याला बंड म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूनं येतो आणि बहुधा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येतो. आपल्याकडे बघा, म्हणे. दोन-दोन वर्षं पलटे आणि अलंकार घोटल्याशिवाय गुरुजी बंदिशीला हात लावू देत नाहीत, आणि हे आले पहिल्या दिवशी गाणं वाजवायला! या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते तसं म्हणणाऱ्यांना वाटतं त्या जागी नाही. पलट्यांचा खरा गुण हा की ते कोणीच ओळखत नाही. ‘सारेगम रेगमप’ ऐकून दारावरचा माणूस थबकत नाही, ‘अरे वा’ म्हणत नाही. त्यामुळे पलटा सुरेल लागला की नाही हे ठरवायला गुरुजींचा कान सोडला तर दुसरं काहीच उरत नाही, आणि शिष्याला आपल्या चुकांसोबत एकांतात राहावं लागतं. रिफ हा एकांत मोडते. कौतुक आधी आणि रियाज जमला तर नंतर, अशी ती उलटी पद्धत आहे. पण आपल्या घरांतून ही उलटी पद्धत नव्हती असं कोणी सांगू नये. दिवाळीत आणलेल्या छोट्या कीबोर्डवर पहिल्या दिवशी पलटे वाजतात का? ‘हॅपी बर्थडे’ वाजतं, नाहीतर ‘सारे जहाँ से अच्छा’. माउथ ऑर्गन घेतलेल्या एका आख्ख्या पिढीनं ‘है अपना दिल तो आवारा’ सोडून दुसरं काही वाजवलं का? मूळ गाण्यात तो राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता, हा त्या पिढीचा दोष नाही. आणि १९७१ मध्येच, म्हणजे माँट्रोत पोलीस दारावर थापा मारत होते त्याच वर्षी, आपल्याकडे ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली. तीही लोक आजवर तोंडानं वाजवत आले आहेत. गिटारवर वाजवणारे त्या मानानं कमी, आणि बरोबर वाजवणारे त्याहून कमी. तेव्हा वडीलधाऱ्यांनी पलट्यांचा मुद्दा जरूर मांडावा, पण माउथ ऑर्गन कपाटात नीट लपवून मग मांडावा.

तिसरा आक्षेप सर्वांत समंजस वाटतो. चुकीची का असेना, या रिफमुळे माणूस गिटारकडे वळतो. एकदा गोडी लागली की पुढचं शिकतोच. हा आक्षेप क्लासच्या माहितीपत्रकात शोभून दिसतो. फेंडर या गिटार बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी मुलाखतींतून सांगितलं होतं की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. गिटार विकणाऱ्यानंच हे सांगावं म्हणजे त्यात अतिशयोक्ती नसावी. बोटं दुखतात, वेळ मिळत नाही, बारे कॉर्डसाठी तर्जनीनं सहाच्या सहा तारा दाबताना मनगट बोंब मारतं, अशी कारणं दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण मला वाटतं, यातले बरेचजण अपयशानं नाही, यश लवकर मिळाल्यानं सोडतात. रिफ आली. लोकांनी ओळखली. आता पुढे काय? पुढे गाणं आहे. साडेपाच मिनिटांहून मोठं, त्यात कडवी आहेत, ध्रुवपद आहे, ब्लॅकमोरचा सोलो आहे. कडव्यात दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात आणि तेही गाणाऱ्याच्या मागे, खालच्या आवाजात. ते कितीही चोख वाजवलं तरी दारावरचा माणूस ओळखत नाही. एक महिना घालवून कडवं बसवा आणि पाहुण्यांना ऐकवा, ते सभ्यपणे विचारतील, “आता ते वाजव ना, ते... तॅ तॅ तॅऽ!” ज्याला पहिल्या आठवड्यात टाळ्या मिळाल्या त्यानं दुसऱ्या महिन्यात बिनटाळ्यांचं काम का करावं, याचं उत्तर कोणत्याच क्लासकडे नाही. गिटार मग कपाटाच्या मागे जाते. पाहुणे आले की बाहेर येते, बारा ठोके वाजतात, परत जाते.

वाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्यांइतका या विषयाचा अभ्यास जगात कोणाचा नसेल. गिऱ्हाईक गिटार मांडीवर घेतं, आवाज तपासल्यासारखं करतं आणि तेच वाजवतं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण गिटार तपासतोय. काउंटरमागच्या माणसाला पहिल्याच ठोक्यात कळलेलं असतं की याला सर्वांत स्वस्त गिटार दाखवायची. ‘वेन्स वर्ल्ड’ या १९९२ च्या सिनेमात गिटारच्या दुकानात ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गिऱ्हाइकांचं असंच लाडकं गाणं वाजवायला बंदी असल्याची पाटी लावलेली दाखवली आहे. विनोद म्हणून दाखवली, पण दुकानदारांना त्यात विनोद काय आहे ते कळलं नसणार. आणि हे एकेकट्यापुरतंच नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी इथे सोळाशेहून जास्त गिटारवाले एकत्र जमले आणि त्यांनी विक्रमासाठी एकदम ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवलं. हेच गाणं का निवडलं असावं हे उघड आहे. सोळाशे जणांच्या जमावात सोळाशे प्रकारच्या लयी असणार, काही बोटं सातव्या फ्रेटवर असणार, कोणी नुकतंच गिटार जुळवायला घेतलेलं असणार, आणि इतकं होऊनही ऐकणाऱ्याला गाणं कळणार, अशी खात्री दुसऱ्या फार थोड्या गाण्यांची देता येते.

एक पाऊल पुढे टाकलं की वाजवणाऱ्याची गरजच संपते, आणि हेही घडून गेलं आहे. अमेरिकेतल्या द व्हाइट स्ट्राइप्स या दोघांच्या बँडचं ‘सेव्हन नेशन आर्मी’ हे गाणं २००३ मध्ये आलं. त्याची रिफ बेस गिटारवर वाजवल्यासारखी वाटते, पण त्या बँडमध्ये बेस नव्हताच. जॅक व्हाइट साध्या गिटारचा आवाज पेडलनं एक सप्तक खाली उतरवत होता. त्याच वर्षी बेल्जियमच्या क्लब ब्रुजच्या पाठीराख्यांनी मिलानच्या सामन्यात ती रिफ तोंडानं गायला सुरुवात केली. मग इटलीवाल्यांनी उचलली, २००६ च्या विश्वचषकात इटली जिंकली तेव्हा रस्तोरस्ती तीच चालू होती, आणि आता फुटबॉलच्या कुठल्याही स्टेडियममध्ये ती ऐकू येते. हजारो माणसं सुरात, लयीत, न शिकता गातात. त्यातल्या कितीकांना बँडचं नाव माहीत नसतं, गिटार तर त्यांच्या आसपासही नसते. शिवाय एक नोंद करण्यासारखी गोष्ट म्हणजे ही मंडळी लय चुकत नाहीत. गळ्यानं म्हणताना जी अर्धी मात्रा आपसूक बरोबर पडते, तीच बोटांनी वाजवताना हरवते. म्हणजे रिफ डोक्यात बरोबरच असते, बोटांपर्यंत पोचताना वाटेत गळते. नवशिक्यानं आधी ती तोंडानं नीट म्हणावी आणि मग गिटारला हात लावावा असं कोणीतरी सांगायला हवं. तबल्याचे गुरुजी बोल आधी तोंडानं म्हणायला लावतात ते याचसाठी.

शेवटचा आक्षेप उरतो आणि त्यापुढे मी नांगी टाकतो: वाजवणाऱ्याला आनंद मिळतो ना, मग तुमचं काय जातं? काही जात नाही. उलट ज्या संगीतात रसिकाला उत्तम कान लागतो, उत्तम स्मरणशक्ती लागते, ते हे संगीत. वाजवणाऱ्याकडे मात्र ठिपके मोजण्याची क्षमता असली की भागतं. इतका उदार करार दुसऱ्या कुठल्या कलेत सापडायचा नाही. फक्त कौतुक करताना पत्ता बरोबर लिहावा. “छान वाजवलंस” असं म्हणण्याऐवजी मनातल्या मनात “छान ओळखलं” असं स्वतःला म्हणावं आणि चहा मागवावा. ज्याला खरंच ही रिफ वाजवायची असेल त्याच्यासाठी काम अगदी छोटं आहे आणि कंटाळवाणं आहे. पिक बाजूला ठेवायचं. अंगठा चौथ्या तारेखाली, तर्जनी तिसऱ्या तारेखाली, दोन्ही एकदम उचलायच्या. स्वर संपायच्या वेळी डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, दाब सोडून नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे तार गप्प होते. उघड्या तारांचे ठोके आले की हे जमत नाही, कारण तिथे दाबलेलं बोटच नाही. मग उजव्या हातानं तारा थोपवाव्या लागतात. सगळी मेहनत ठोके वाजवण्यात नाही, ते वेळेवर बंद करण्यात आहे. ही मेहनत कोणाला ऐकू येत नाही.

आणि ती ऐकू आलीच तर भलतंच संकट ओढवतं, असं मला डीप पर्पलमध्ये ब्लॅकमोरनंतर आलेल्यांकडे पाहून वाटतं. १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्धवट टाकून निघून गेला, तेव्हा काही महिने जो सॅट्रियानीनं काम निभावलं. मग स्टीव्ह मोर्स आला आणि २०२२ पर्यंत राहिला. त्याच्या जागी सायमन मॅकब्राइड आला. एकापेक्षा एक तयारीचे हात. पण प्रत्येक मैफलीत यांना हे बारा ठोके वाजवावेच लागतात, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते आपापल्या घरी, एका तारेवर, पंचम लावून वाजवलेले असतात. असा परीक्षकवर्ग मोठ्यातल्या मोठ्या खाँसाहेबांच्याही वाट्याला आला नसेल. दुसरा तुकडा अर्धी मात्रा आधी उडी मारतो तेव्हा त्या गर्दीत कोणीतरी नक्कीच शेजाऱ्याकडे वळून म्हणत असेल की हा नवीन दिसतोय, जरा घाई करतो.